पालथी गोधडी

या, जरा जवळ सरका. दाराशी बसलेत त्यांनी आत या, वारं लागतंय. मांडी सैल करा, पाठ भिंतीला टेकवा. आज एका गोधडीची गोष्ट सांगायची आहे, आणि गोधडीची असली तरी ऐकताना कुणाला झोप लागणार नाही, याची हमी माझी. ज्याने माणसाला थंडी दिली त्यानेच हात दिले, आणि हातांना चिंध्या जोडायची बुद्धी दिली. त्याचं नाव घेऊ या आणि आत शिरू या.

त्या वर्षी धुकं उठेचना. सकाळी दार उघडावं तर समोरचं घर नाही. कपडे वाळेनात, काड्या पेटेनात, भिंतीला हात लावला तर ओला. आणि नेमकं त्याच दिवसांत आत्याबाईंच्या घरात पुढची अख्खी खोली गोधडीने अडवलेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत गोधडी. घरातली माणसं कडेकडेने, पोट आत ओढून चालायची. मुलगा टेंपो चालवायचा. तो दमून यायचा आणि उंबऱ्यातच ताट मांडीवर घेऊन जेवायचा, कारण गोधडीवर शीत सांडलं असतं तर आईने त्यालाच शिवून टाकला असता.

गोधडी पालथी होती. म्हणजे तोंड जमिनीकडे, पाठ वर. त्या घराची रीतच तशी. आधी जमिनीवर तोंडाचे तुकडे उलटे मांडायचे, त्यावर जुन्या चादरी, त्यावर साधं धुतलेलं पांढुरकं अस्तर, आणि मग अस्तरावर बसून गर्द दोऱ्याने धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे यायचं. तोंड मळत नाही, माणसाला बसता येतं. पण मग काय होतं? शिवणारी बाई महिनोन्‌महिने पाठच बघते. तोंड कसं झालंय ते शेवटचा टाका तोडून गोधडी उलटेपर्यंत कुणालाच ठाऊक नाही.

ठाऊक होतं फक्त दोघींना. एक आत्याबाई, आणि दुसरी सुतारबाबाची बायको. दिवसभर ती या ना त्या दारी सापडायची. तिला सगळी गल्ली अंगुस्तानी म्हणायची, कारण तिच्या बोटातला अंगुस्ताना, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, जेवतानासुद्धा निघत नसे. दार लावून दोघींनी तुकडे मांडले होते. गोधडी शहरातल्या प्रदर्शनासाठी, पण तुकडे गल्लीचेच. घरटी एकेक जुनं कापड आणलेलं: कुणाचा सदरा, कुणाची ओढणी, कुणाच्या लेकराचं दुपटं. अंगुस्तानीने स्वतःचा निळा झगा दिला. नवऱ्याने विचारलं, "कुठे लावलास?" तर म्हणाली, "सांगणार नाही. प्रदर्शनात येऊन बघ. एरवी कुठे घराबाहेर पडतोस!"

आणि मग पावसाळा सरता सरता ती गेली. ताप काय आला, आणि माणूस काय गेलं. शिवण अर्धीही झाली नव्हती. तिच्या जागी आत्याबाईंची सून बसली. सून अंगाने किडकिडीत आणि जिभेने टोकदार, म्हणून सासूने लाडाने नाव ठेवलेलं टाचणी. आपली गोष्ट या टाचणीचीच.

तर एका सकाळी दोघी सासू-सुना गुडघ्यांना फडकी बांधून गोधडीवर बसल्या होत्या. दोरा दमट होऊन फुगलेला, सुई अडायची. टाचणी दोऱ्याला मेण घाशी, सुई केसांतून फिरवी, पुन्हा अडे. बोटांना भेगा. तेवढ्यात नवरा दारातून म्हणाला,

"आई, दालनाच्या बाईंचा फोन होता."

शहरात एक दालन होतं, तिथे प्रदर्शनं भरत. त्या बाई दालनाची व्यवस्था बघायच्या. आत्याबाईंनी मान वर केली नाही. "बोल."

"पुढचं मोठं दालन गादीवाला मागतोय. त्याच्याकडे मशीनवर शिवलेल्या रजया. बाई म्हणाल्या, माझा काही हट्ट नाही, पण गेल्या वर्षी तुमच्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. या शनिवारपर्यंत लोक येणार याची काही खूण दाखवा. नाहीतर तुम्हाला मागचा बोळ."

गेल्या वर्षी त्यांना बोळच मिळाला होता, हात धुवायच्या जागेला लागून. आणि एक चांगला कपड्यांतला गृहस्थ हात धुऊन आला, इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीवरच्या गोधडीच्या टोकाला त्याने हात पुसले. "मऊ आहे," म्हणाला, आणि गेला. आत्याबाई तेव्हा पांढऱ्या पडल्या होत्या. अंगुस्तानी मात्र पदराने ते टोक कोरडं करत म्हणाली होती, "नशीब समज, हातच पुसले."

टाचणीने सुई अस्तरात टोचून ठेवली. "आत्याबाई, मोबाइलवर टाकू या. एकच फोटो. तोंडाचा. बघा कसे लोक येतात."

"तोंड दाखवून बसायला ती काय भाजी आहे?"

"दाखवल्याशिवाय कळणार कसं कुणाला?"

"आणि दाखवल्यावर येणार कशाला? पाहून झालं की माणूस अंथरुणात कूस बदलतो. अंगठा फिरवायचा, छान म्हणायचं, संपलं." आत्याबाईंनी दोरा दाताने तोडला. "शिवाय मी शब्द दिलाय. ज्याने कापड दिलं तो आधी बघेल, डोळ्यांनी. काचेतून नाही. आणि सुतारबाबाला ती काय सांगून गेलीय ते तुला माहीत आहे. तिथे येऊन बघ म्हणाली. तो तिथेच बघेल. त्याच्या आधी जगात कुणी नाही."

"आणि तिथे म्हणजे कुठे? बोळात? मग त्यालाही सांगा, येताना हात ओले करून ये."

बोलून गेली आणि टाचणीने जीभ चावली. आत्याबाईंच्या बोटात सुई गेली होती. त्यांनी बोट तोंडात धरलं, सुनेकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा टाके घालायला लागल्या. तो दिवसभर दोघी एकमेकींशी फक्त "दोरा दे" आणि "कात्री" एवढंच बोलल्या.

आता तुम्ही म्हणाल, सून चुकली. मी म्हणतो, दोघींचंही खरं होतं, आणि घरात दोघांचंही खरं असलं की मग चूल सुद्धा नीट पेटत नाही.

दुसऱ्या दिवशी देवाला दया आली. धुकं फाटलं आणि लख्ख ऊन पडलं. सगळी गल्ली अंथरुणं घेऊन बाहेर धावली. आत्याबाईंनी हाक मारली, "टाचणे, उचल! दमट राहिली तर कुबट वास मारेल." दोघींनी आणि मुलाने मिळून गोधडी परसात नेली, जाड दोरीवर टाकली. पाठ बाहेर, तोंड आत. दोन्ही बाजूंनी ती जमिनीपर्यंत लोंबली, जणू तंबूच. मुलगा टेंपो घेऊन गेला. आत्याबाई मेण संपलं म्हणून दुकानाकडे गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "लक्ष ठेव हो."

टाचणीने लक्ष ठेवलं. कशावर? कमरेला खोचलेल्या मोबाइलवर.

इतके दिवस त्या गोधडीवर रांगून गुडघे सोलले, पण तोंड कसं आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं, खाली वाकली, आणि मांजरासारखी गोधडीच्या आत शिरली.

आत काय उजेड होता! ऊन पाठीवर पडलेलं आणि रंगांतून झिरपत आत आलेलं. लाल तुकड्याखाली तिचा हात लाल, पिवळ्याखाली पिवळा. टाक्याटाक्यातून सुईच्या टोकाएवढा उजेड, हजारो ठिकाणी. ती तोंडात बोट घालून बघत राहिली. पण नाक लावून कुणाचा चेहरा दिसतो का? हा तुकडा दिसे, तो दिसे, अख्खं काही दिसेना. तिने मोबाइल मागे नेला तर पाठ दुसऱ्या बाजूला टेकली. फोटो काढला तर नुसता लाल डाग. दुसरा काढला, तर तिचंच बोट.

तिसऱ्यांदा मोबाइल उचलला तेव्हा समोर निळं होतं. अंगुस्तानीचा झगा. हाच झगा घालून ती भिंतीशी बसायची आणि टाचणीला म्हणायची, "सासू रागावली की मोठे टाके घाल, तिचा राग टाक्यांवर निघेल, तू सुटशील." टाचणीचा हात खाली आला. तिथे येऊन बघ, असं ती नवऱ्याला म्हणाली होती. टाचणीला म्हणाली नव्हती. टाचणीने दोन्ही फोटो पुसून टाकले आणि तशीच रांगत बाहेर आली.

बाहेर आली, केस झाडत उभी राहिली, आणि समोर बघतच राहिली.

ऊन तिरपं पडलं होतं. दोरीवरच्या पाठीवर प्रत्येक धावदोऱ्याची सावली पडली होती. रोज गुडघ्याखाली असलेलं ते साधं अस्तर ती पहिल्यांदा उभं बघत होती. फेऱ्यावर फेरे, फेऱ्यांत वळणं, जिथे खाली तुकडा जोडलेला तिथे बारीक उंचवटा. पाण्यात खडा टाकावा आणि तरंग तसेच थिजावेत, तसं. रंग एकच, दोरा एकच, पण डोळा हलेना.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "पाठ झाकायला कुठे सांगितलंय आत्याबाईंनी?"

तिने फोटो काढला. मोबाइलवर टाकला, आणि खाली लिहिलं: 'ही पाठ. तोंड मीही अख्खं पाहिलं नाही. बघायचं असेल तर या.' पुढे दालनाचं नाव आणि दिवस. बोट दाबलं, आणि लगेच मोबाइल पिठाच्या डब्यामागे लपवून भांडी घासायला बसली. भांडी चकचकत होती.

थोड्या वेळाने डब्यामागे मोबाइल वाजला. मग पुन्हा. मग असा वाजायला लागला की डब्याचं झाकणच खडखडू लागलं. तिने ओल्या हाताने काढून बघितला. कुणी लिहिलं होतं, नदी असणार तोंडावर. कुणी म्हणे मासा. कुणी म्हणे, मी शिवणकाम करते, हे घर आहे, पैजेवर सांगते. एकाने लिहिलं, काहीही असो, मी येणार. एका बाईने नुसतंच, 'माझी आई असंच शिवायची.' टाचणी उभ्या उभ्या हसत होती, आणि डोळे पुसत होती, आणि परसातल्या परसात गोल गोल फिरत होती.

तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. चक्कीवालीचा. ती गिरणी चालवायची; पीठ भुवयांवर आणि आवाज चक्कीच्या वर. "अहो आत्याबाई! तुमची गोधडी मोबाइलवर! सगळं जग बघतंय, आणि तुम्ही मेण घेत फिरताय!"

आत्याबाई कोपऱ्यावरच उभ्या होत्या. हातातली पुडी खाली पडली. टाचणी दारातून ओरडली, "आत्याबाई, ऐका तरी!" पण त्या थांबतात कुठल्या! ना घराकडे वळल्या, ना कुणाच्या मोबाइलकडे बघितलं. एक चप्पल सुटली ती तिथेच टाकून सुतारबाबाच्या कारखान्याकडे निघाल्या. मागे टाचणी, टाचणीमागे ती चप्पल हातात घेऊन चक्कीवाली.

सुतारबाबा रंधा मारत होता. खाली भुशाचा आणि ढलप्यांचा ढीग, त्यात घोट्यापर्यंत पाय. आत्याबाई आत गेल्या आणि त्या ढिगातच बसल्या.

"माफ कर बाबा. शब्द मोडला. माझ्या घरातनं मोडला. तिला काय तोंड दाखवू मी आता?"

सुतारबाबा कमी बोलणारा माणूस. त्याने रंधा बाजूला ठेवला, हात सदऱ्याला पुसले, आणि खिशातून मोबाइल काढला. काच तडकलेली. "हे म्हणता?"

"मला नको दाखवू. बघवणार नाही."

"बघा तरी. तोंड नाही हो हे. पाठ आहे."

आत्याबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग वळून दाराकडे बघितलं. तिथे टाचणी धापा टाकत उभी, केस सुटलेले. "पाठच टाकलीय आत्याबाई," ती म्हणाली. "आत शिरले होते, खोटं कशाला बोलू. पण नाही काढला फोटो. काढला तो पुसला."

आत्याबाई काही बोलणार, तोच सुतारबाबाने काचेवर जाड बोट ठेवलं. "हे बघा. ही बाहेरची बाजू. इथून इथपर्यंत टाके असे झुकलेत," आणि त्याने मनगट एकीकडे कलवलं. "आणि इकडचे असे." मनगट दुसरीकडे. "ही डावखुरी होती ना."

आत्याबाई मोबाइलवर वाकल्या.

खरंच होतं. त्या दोघी शिवायला बसत त्या एकाच कोपऱ्यात, पाठीला पाठ लावून. आत्याबाई उजवीकडून डावीकडे जात, अंगुस्तानी डावखुरी म्हणून डावीकडून उजवीकडे. अख्खा फेरा एकमेकींकडे न बघता गप्पा मारायच्या, आणि समोरच्या कोपऱ्यात दोघींच्या सुया समोरासमोर येत. प्रत्येक फेऱ्याला ती भेट ठरलेली. भेटल्या की दोरा तोडायचा, पाणी प्यायचं, पुन्हा पहिल्या कोपऱ्यात. बाहेरचे सगळे फेरे तसे. अर्धे टाके इकडे झुकलेले, अर्धे तिकडे, मध्ये कोपऱ्यात भांग पाडल्यासारखी रेघ. आत मात्र टाचणी आल्यापासून सगळे एकाच बाजूला. टाचणी उजव्या हाताची, ती सासूच्या मागोमाग शिवायची.

"मघापासून हेच बघतोय," सुतारबाबा म्हणाला. "तिचं काही राहिलंय असं वाटलं नव्हतं. अंगुस्ताना तेवढा होता. हे तर..." त्याने बोटाने ती बाहेरची बाजू कडेकडेने चाचपली, काच होती तरी. "हे पुष्कळ आहे."

आत्याबाई भुशात बसून रडल्या, तशी चक्कीवालीसुद्धा चप्पल छातीशी धरून रडली. पीठ भिजून गालांवर लेप बसला. सुतारबाबाच म्हणाला, "अहो, भुसा ओला करू नका, पेटायचा नाही." तेव्हा कुठे हसू फुटलं.

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी सुनेला गाठलं. "आत शिरलीस?"

"शिरले."

"काय दिसलं?"

"काहीच नाही. माझं बोट."

आत्याबाई दोन पावलं चालल्या. "मी इतके दिवस तोंडावर पहारा देत बसले गं," त्या म्हणाल्या, "आणि पाठीवर बसले होते." मग चप्पल पायात घातली आणि एकदम सासू झाल्या. "चल, मध्याचे फेरे राहिलेत. तोंड वर करून काय बघतेस? ते लोक येणार ना? मग अर्धवट दाखवणार का त्यांना?"

त्यानंतरचे दिवस म्हणजे काय सांगू! गल्लीला वेडच लागलं. जो तो मोबाइलवर पाठीचा फोटो मोठा करून आपलं कापड कुठे असेल ते हुडकू लागला. चक्कीवाली म्हणे, "हा उंचवटा माझाच. माझं कापड पहिल्यापासून जाड." शिंप्याचं म्हणणं, माझी शिवण मी पाठीवरूनही ओळखेन, आणि त्याने ओळखलेली प्रत्येक जागा वेगळी. लोक दार ठोठावून विचारत, "आत्याबाई, नुसती मान हलवा, हो की नाही." आत्याबाई मान ताठ धरून शिवत राहायच्या. हसू आलं की दोरा दातात धरायच्या.

आणि शनिवारी दालनाच्या बाईंचा फोन. टाचणीने सर्वांना ऐकू येईल असा लावला. "अहो, काय केलंत काय तुम्ही? सकाळपासून फोन खाली ठेवता येत नाहीये. लोक विचारतायत, तोंड केव्हा उघडणार? गादीवाल्याला मी बोळ दिलाय. मोठं दालन तुमचं. लवकर या."

"बोळात बिचाऱ्या गादीवाल्याचं कसं व्हायचं?" आत्याबाई म्हणाल्या.

"त्याच्या रजया मशीनच्या आहेत," टाचणी म्हणाली. "हात पुसले तरी वाळतात लगेच."

शेवटचा टाका दोघींनी मिळून तोडला. गोधडी पालथीच गुंडाळली, टेंपोत घातली, आणि गल्ली टेंपोत मावेना म्हणून अर्धी मागून बसने आली. सुतारबाबा स्वच्छ सदरा घालून पुढे बसला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या दिवशी कारखाना बंद ठेवला होता.

दालनाबाहेर माणसं होती! टाचणीने टेंपोतून बघितलं आणि नवऱ्याच्या दंडाला असा चिमटा घेतला की गाडी हलली. "अहो, आपल्यासाठी?" "नाही, गादीवाल्यासाठी," तो म्हणाला आणि दात काढले.

आत्याबाईंनी दार लावायला सांगितलं. आधी गल्ली. बाहेरच्यांना त्या स्वतः उंबऱ्यात जाऊन म्हणाल्या, "लेकरांनो, थोडं थांबा. ज्यांच्या अंगावरची कापडं आहेत त्यांना आधी बघू द्या." आणि काय आश्चर्य, कुणी कुरकुरलं नाही.

गोधडी मध्यभागी पसरली. गल्ली कडेने उभी राहिली, प्रत्येकाने आपल्या समोरची कड धरली. आत्याबाईंनी डोळे मिटून एक नाव घेतलं, ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही आहे. "उचला," म्हणाल्या. गोधडी उठली, हवेत फुगली, वारा तोंडावर आला, उलटली, आणि खाली बसली.

गल्लीच होती ती. आपलीच गल्ली, वरून पाखराने बघावी तशी. घराशेजारी घर. चक्कीच्या जागी चक्कीवालीचं पांढरं फडकं, शाळेच्या जागी मुलांचे गणवेश, टेंपोवाल्याच्या दारात त्याचा खाकी सदरा, खिशासकट. जो तो आपलं घर शोधत होता, वाकत होता, ओरडत होता. "मी इथे! ही माझी खिडकी!" चक्कीवाली म्हणाली, "अगं बाई, मी एवढी मोठी!" शिंपी स्वतःची शिवण ओळखून टाळ्या वाजवायला लागला, आणि ती या वेळी खरंच त्याची होती.

सुतारबाबा आपल्या घरावर वाकला. त्याच्या घराच्या जागी त्याचाच जुना तपकिरी सदरा. निळं काही नाही. त्याने शेजारी बघितलं, मागे बघितलं. चेहरा बारीक झाला. आत्याबाई नुसत्या बघत उभ्या.

मग तो हळूच सरळ झाला, एक पाऊल मागे गेला, आणि त्याला दिसलं. झगा एका जागी नव्हताच. त्याच्या बारीक पट्ट्या कापलेल्या, आणि त्या पट्ट्यांचा रस्ता केलेला. निळा रस्ता गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक दारावरून गेलेला, प्रत्येक उंबऱ्याला टेकलेला.

सुतारबाबा त्या रस्त्याच्या कडेकडेने चालत गेला, टोकापर्यंत, आणि परत आला.

"म्हणजे इथेही घरात नाहीच," तो म्हणाला. "दारोदार."

आधी कुणाला कळलं नाही हसावं की रडावं. मग तोच हसला, खांदे हलवत, आणि मग अख्खी गल्ली.

दार उघडलं. लोक आत आले ते असे, जसं पाणी येतं. गोधडीभोवती कडं झालं. कौतुक झालं, विचारपूस झाली, दालनाच्या बाई चष्मा पुसत राहिल्या. टाचणीला वाटलं, आता काही मागायचं राहिलं नाही. तेवढ्यात एक बाई पुढे आली, लांबून आली असावी, चपला धुळीने भरलेल्या. "फार सुंदर आहे," ती म्हणाली. "पण ती मोबाइलवरची बाजू? मी त्या बाजूसाठी आलेय."

"मीही," मागून कुणी म्हणालं. "आम्हाला पाठ बघायचीय."

दालनाच्या बाई गोंधळल्या. "अहो, भिंतीवर लावायची तर एकच बाजू दिसणार. जमिनीवर ठेवली तरी एकच."

सगळ्यांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी सुनेकडे. टाचणीने वाकून एक कोपरा धरला. नवऱ्याने शेजारची कड धरली. मग चक्कीवाली आली, शिंपी आला, गल्लीतले सगळे आले, वरच्या कडेला ओळीने उभे राहिले आणि "हां, उचला" म्हणत गोधडी डोक्याच्या वर उभी धरली. इकडून तोंड, तिकडून पाठ. लोक एका बाजूने जात, वळसा घालून दुसऱ्या बाजूने येत, आणि पुन्हा जात. हात भरून आले तर दुसरे धरायला येत. बघायला आलेलेसुद्धा कड धरायला उभे राहू लागले. कुणी म्हणे, "माझे हात दुखतायत," कुणी म्हणे, "गप्प धर, कधी नव्हे ते काहीतरी उचललंस." सुतारबाबा म्हणाला उद्या सकाळी दोन खांब करून आणतो, तोवर मात्र त्याने स्वतः एक कोपरा सोडला नाही. तोच कोपरा, जिथे दोन्हीकडचे टाके येऊन भेटतात.

टाचणी पाठीच्या बाजूला उभी होती, हात वर, पदर खांद्यावरून निसटलेला, आणि प्रत्येकाला सांगत होती, "हे माझे टाके, वेडेवाकडे. हे सासूबाईंचे. आणि हे झुकलेले दिसतात ना, हे त्यांच्या मैत्रिणीचे." आत्याबाई शेजारी उभ्या. त्यांनी सुनेचा पदर उचलून नीट खांद्यावर टाकला. "टाचणे," त्या म्हणाल्या, "मोबाइल कुठेय तुझा?"

"टेंपोत राहिला."

"मग पळ, घेऊन ये. मी धरते कड. आता दोन्ही बाजू टाक."

तर मंडळी, गोष्ट एवढीच. आता घरी जाल, थंडी आहे, अंगावर काहीतरी ओढून घ्याल. घ्याल तेव्हा आधी ते उलटं करून बघा. आणि तिथे एखादा टाका भलतीकडे झुकलेला दिसला, तर त्या डावखुऱ्या बाईची घडीभर आठवण काढा. तुमच्या गल्लीत ती कुठल्या नावाने राहिली असेल, ते तुम्हालाच माहीत.